ध्वनी आणि चव : जाते, भट्टी आणि प्रयोगशाळा

पदार्थाची चव जिभेपुरती मर्यादित नसते याविषयी आता फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो तिच्या घडणीत कानाचा वाटा किती आणि तो कोणत्या वाटेने येतो, याविषयी. जीभ स्वतः गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे मांसरसात, पिकलेल्या टोमॅटोत किंवा आंबवलेल्या पदार्थांत जाणवणारी भरीव रुची, एवढेच वेगळे ओळखते. आयुर्वेदाने सहा रसांत धरलेले तिखट आणि तुरट यांना आधुनिक शरीरशास्त्र दाहाच्या व स्पर्शाच्या संवेदनांत घालते. या मूळ चवींत घशामागून नाकात जाणारा गंध, दातांखालचा पोत, पदार्थाची ऊब आणि चावताना होणारा आवाज मिसळून जे एकसंध जाणवते, त्याला या लेखात ‘स्वाद’ म्हटले आहे. एका इंद्रियाकडून आलेल्या माहितीने दुसऱ्या इंद्रियाचा निर्णय बदलणे याला आंतरऐंद्रिय परिणाम म्हणतात, आणि ठरवून रचलेला ध्वनी पदार्थासोबत ऐकवून त्याचा स्वाद बदलू पाहण्याच्या अलीकडच्या पद्धतीला येथे सोयीसाठी ‘ध्वनिसंस्कार’ असे नाव दिले आहे.

हा आढावा अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्याकडे नजर ठेवून घेण्यास कारण आहे. भीमेकाठचे सिद्धटेक, यमाईचे राशीन आणि रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य यांमुळे परिचित असलेला हा तालुका पर्जन्यछायेत येतो, आणि काळ्या जमिनीत धरून राहिलेल्या ओलीवर निघणारी रब्बी ज्वारी हे तेथील जुने मुख्य धान्य आहे. पाव, केक, खारी आणि बिस्किटे गव्हाच्या मैद्यावर उभी असतात, कारण गव्हातील ग्लुटेन हे चिवट प्रथिन पिठात वायू अडवून धरते व पदार्थ फुगवते. ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे तिचे पीठ फुगत नाही, ताणले जात नाही, भाजल्यावर तुटते, आणि तुटताना वाजते. म्हणजे ज्वारीच्या प्रदेशात बेकिंगचे नवे प्रयोग करू पाहणाऱ्यास मऊपणापेक्षा कडकपणाशी, आणि म्हणून ओघानेच आवाजाशी, अधिक काम पडते. स्वाद आणि ध्वनी यांच्या संबंधाविषयी जगभर जे लिहिले गेले त्यातील पक्के कोणते आणि केवळ चमकदार कोणते, हे तपासायला असे धान्य सोयीचे आहे.

पक्के म्हणता येईल असे संशोधन मुख्यतः कुरकुरीतपणाविषयीचे आहे. स्वीडनमध्ये बिर्गर ड्रेक यांनी १९६३ मध्ये अन्न चिरडताना होणाऱ्या आवाजांचे ध्वनिमुद्रण करून त्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. १९७६ मध्ये झाटा विकर्स व माल्कम बोर्न यांनी कुरकुरीतपणा हा मूलतः ध्वनीचा गुण आहे, असा सिद्धान्त मांडला. त्यामागची यंत्रणा समजण्यास कठीण नाही. कोरड्या बिस्किटाचा किंवा चिप्सचा अंतर्भाग म्हणजे पातळ, ठिसूळ भिंतींच्या असंख्य पोकळ्यांचा समूह असतो; दात टेकले की या भिंती एकामागून एक तडकतात, प्रत्येक तडकण्यातून एक अतिसूक्ष्म स्फोटक ध्वनी निघतो, आणि अशा शेकडो ध्वनींची अनियमित माळ कानाला दोन वाटांनी पोहोचते : एक उघड्या तोंडातून हवेमार्गे, दुसरी दात, जबडा व कवटी यांच्या हाडांतून. हवेने येणारा आवाज पातळ व टोकदार असतो, तर हाडांतून येणारा जाड आणि घुमणारा. कॅथरीन डाक्रेमों यांनी १९९५ मध्ये या दोन वाटांचे वजन तपासून असे दाखवले, की ज्या पदार्थांना लोक हलके कुरकुरीत म्हणतात त्यांच्या ध्वनीत ५,००० हर्ट्‌झच्या वरची कंपने ठळक असतात, आणि ज्यांना ते कडक, कचकचीत म्हणतात त्यांच्यात १,२५० ते २,००० हर्ट्‌झच्या आसपासची. हर्ट्‌झ म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या. संख्या जितकी मोठी तितका स्वर उंच.

मराठीला हा भेद उपकरणाविना ठाऊक आहे. कुरकुरीत, चुरचुरीत, खुसखुशीत, कडकडीत ही विशेषणे पदार्थाच्या आवाजाची नक्कल करतात, आणि त्यांची अदलाबदल कोणी सहसा करत नाही : शंकरपाळी खुसखुशीत असते, पापड कुरकुरीत असतो, आणि खुसखुशीत पापडाची तारीफ केली तर करणाऱ्याला तो सादळल्याची शंका येईल.

या पार्श्वभूमीवर ऑक्सफर्ड विद्यापीठात मासिमिलियानो झाम्पिनी आणि चार्ल्स स्पेन्स यांनी केलेला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग महत्त्वाचा ठरतो, कारण त्याने ध्वनी हा पोताचा केवळ साक्षीदार नसून त्याच्या निर्णयात भाग घेणारा आहे, हे दाखवले. त्यांनी आकाराने अगदी सारख्या असलेल्या प्रिंगल्स चिप्स निवडल्या. सहभागी व्यक्ती समोरच्या दातांनी चिप तोडत असत, तोडण्याचा आवाज मायक्रोफोनने पकडून त्याच क्षणी हेडफोनमधून त्यांच्याच कानात सोडला जाई, आणि वाटेत तो कधी मोठा, कधी लहान केला जाई, तर कधी त्यातील २,००० हर्ट्‌झच्या वरचा भाग तेवढा वाढवला किंवा घटवला जाई. आवाज मोठा केला किंवा त्याचा उंच भाग वाढवला, तर तीच चिप सुमारे १५ टक्के अधिक कुरकुरीत व ताजी ठरत होती. दाबला की शिळी. या कामाला २००८ मध्ये पोषण विभागातील इग् नोबेल पुरस्कार मिळाला. तो आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिला जातो, आणि या बाबतीत लोक हसण्यावरच थांबले, असे म्हणावे लागते. वस्तुतः स्पेन्स यांच्या पुढच्या अधिक गाजलेल्या कामापेक्षा हा साधा प्रयोग जास्त भक्कम आहे, कारण येथे ध्वनी पदार्थाचाच होता, बाहेरून आणलेला नव्हता.

बेकरीच्या व्यवहारात याला जोडून पाहावा असा दुसरा अभ्यास १९८१ चा, कॅट्‌झ आणि लाब्युझा यांचा. त्यांनी खारे क्रॅकर, पॉपकॉर्न, मक्याचे फुगवलेले कुरकुरे आणि बटाट्याच्या चिप्स वेगवेगळ्या आर्द्रतेत ठेवून पाहिल्या आणि पदार्थाची जल-क्रियाशीलता, म्हणजे त्यातील मोकळ्या पाण्याचे शून्य ते एक या मापावरील प्रमाण, साधारणपणे ०.३५ ते ०.५० च्या पुढे गेले की खाणारा तो नाकारतो, असे नोंदवले. पाणी शिरले की पोकळ्यांच्या भिंती काचेसारख्या ठिसूळ न राहता लवचिक होतात. लवचिक भिंत तडकत नाही, वाकते, आणि वाकण्याला आवाज नाही. सादळलेल्या खारीची चव रसायनशास्त्राच्या दृष्टीने जवळपास तीच असते. गेलेला असतो तो ध्वनी, आणि त्याच्यासोबत तिचा ताजेपणा. सोलापूरकडील कडक भाकरी, जी कर्जतच्या सीमेला लागलेल्या करमाळ्यापासून पुढे सर्वत्र परिचित आहे, ती याच नियमावर टिकते : ज्वारीची पातळ भाकरी मंद आचेवर पूर्ण कोरडी केली की ती अनेक दिवस खराब होत नाही, आणि मोडताना होणारा तिचा आवाज हीच तिच्या उत्तमपणाची खूण मानली जाते.

संगीताकडे वळले की जमीन कमी टणक होत जाते. या दिशेचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न डेन्मार्कच्या क्रिस्टियन होल्ट-हान्सेन यांचा, १९६८ मधला. त्यांनी बिअर पिणाऱ्यांना एक स्वर वरखाली करून चवीशी जुळवायला सांगितले, तेव्हा साध्या कार्ल्सबर्ग बिअरसाठी ५१० ते ५२० हर्ट्‌झ आणि अधिक कडक ‘एलिफंट’ बिअरसाठी ६४० ते ६७० हर्ट्‌झच्या आसपासचे स्वर निवडले गेले. पुढची चार दशके हा विषय जवळपास पडून राहिला. २०१० मध्ये आन-सिल्वी क्रिसिनेल आणि स्पेन्स यांनी दाखवले, की गोड व आंबट चवींना लोक उंच स्वर जोडतात, कडू चवीला खालचे. गोडाला पियानो शोभतो आणि कडवटपणाला ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्ये. अर्जेंटिनात ब्रुनो मेस, मार्कोस ट्रेव्हिसान आणि मारियानो सिग्मन यांनी २०११ मध्ये उलट बाजूने सुरुवात केली : वादकांना चवीचा शब्द देऊन त्यावर उत्स्फूर्त वाजवायला लावले. गोड या शब्दावर वादन संथ, मृदू आणि स्वरमेळाचे आले, आंबटवर उंच आणि विसंवादी, कडूवर खालच्या सप्तकातले व स्वर एकमेकांत ओढून घेतलेले, आणि खारटवर तुटक. संगीताचे शिक्षण नसलेल्या श्रोत्यांनाही हे तुकडे ऐकून मूळ शब्द योगायोगाच्या अंदाजापेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात ओळखता आले.

जोडी जुळवणे आणि चव बदलणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकप्रिय लिखाणात त्यांची सरमिसळ सर्रास होते. २०१२ मध्ये क्रिसिनेल व सहकाऱ्यांनी जळक्या साखरेच्या जाळीदार टॉफीचे तेच तुकडे दोन प्रकारच्या ध्वनिरचनांसोबत खायला दिले. ‘कडू’ म्हणून रचलेल्या आवाजासोबत टॉफी अधिक कडू वाटली, ‘गोड’ आवाजासोबत अधिक गोड. बदल मोजणीत खरा होता, पण तो पाच ते दहा टक्क्यांच्या घरातला. फेलिपे रेनोसो कार्व्हालो यांच्या गटाने २०१७ मध्ये चॉकलेटवर केलेल्या कामातही ओघवत्या, सलग संगीताने चॉकलेट अधिक मऊसर व गोड, तर तुटक संगीताने अधिक कडवट वाटल्याचे दिसले. या सर्व अभ्यासांत एक सावधगिरी आवश्यक आहे : ध्वनी पदार्थात नसलेली चव निर्माण करत नाही. टॉफीत आणि काळ्या चॉकलेटमध्ये गोड व कडू दोन्ही आधीच असतात; आवाज फक्त लक्ष एकीकडून दुसरीकडे वळवतो. निव्वळ साखरेच्या पाकाला कोणतेही ट्रॉम्बोन कडू करू शकणार नाही.

असे का घडते याची चार स्पष्टीकरणे दिली जातात आणि ती परस्परांना पूर्णपणे छेदत नाहीत. पहिले भावनेचे : आवडणारा ध्वनी मन प्रसन्न करतो आणि प्रसन्न मन गोडाकडे झुकते. दुसरे अपेक्षेचे : ध्वनी काही सुचवतो आणि जीभ सुचवलेले शोधते. तिसरे भाषेचे : आवाजाला गोड म्हणण्याची सवय आधीच असेल तर जुळणी शब्दांतच झालेली असते. चौथे, स्पेन्स यांनी मांडलेले पण अजून अनुमानाच्या पातळीवरचे, नवजात बालकाच्या प्रतिक्रियेचे : गोड चाखताच बाळ जीभ वर व बाहेर काढते, कडू चाखताच खाली ढकलते, आणि त्या दोन स्थितींत निघणारे हुंकार उंच व खालचे असल्यामुळे जुळणी जन्मापासून रुजते. हे चौथे स्पष्टीकरण मोहक आहे आणि म्हणूनच ते जपून घ्यावे. नामिबियातील हिंबा या पशुपालक समाजावर अँड्र्यू ब्रेमनर व सहकाऱ्यांनी केलेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्याच्या बेताला बसत नाही : आवाज व आकार यांची जुळणी हिंबांनी पाश्चात्त्यांसारखीच केली, पण आकार व चव यांची वेगळी केली, फसफसणारे पाणी त्यांना टोकदार वाटले नाही. म्हणजे चवीच्या जुळण्यांत संस्कृतीचा हात मोठा असावा, आणि लंडनमध्ये ‘गोड’ ठरलेली धून राशीनच्या किंवा मिरजगावच्या माणसालाही गोड लागेल, असे गृहीत धरणे अशास्त्रीय आहे.

गोंगाटाविषयी मात्र निष्कर्ष पुन्हा ठाम होतात. २०११ मध्ये अँडी वुड्स व सहकाऱ्यांनी हेडफोनमधून मोठा, सलग खरखराट ऐकवत लोकांना खायला दिले, तेव्हा गोडी व खारटपणा दोन्ही कमी जाणवले आणि कुरकुरीतपणा मात्र जास्त. कॉर्नेल विद्यापीठात किंबर्ली यान आणि रॉबिन डँडो यांनी २०१५ मध्ये विमानाच्या आतल्या आवाजाची, सुमारे ८५ डेसिबलची, नक्कल वापरली. गोडी दबली, पण उमामी वाढली, आणि विमानात टोमॅटोचा रस एरवीपेक्षा अधिक का मागितला जातो याचे एक संभाव्य कारण हाती आले. येथे शरीररचनेची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडे नेणारी कॉर्डा टिंपनी ही नस मध्यकर्णातून, कानाच्या पडद्याला लागून जाते. कर्जतचे ग्रामदैवत संत गोदड महाराज यांच्या, आषाढ वद्य एकादशीच्या रथयात्रेसारख्या कोणत्याही मोठ्या जत्रेत ध्वनिक्षेपकाजवळ मांडलेल्या गोडीशेव-रेवडीच्या दुकानाला हे निष्कर्ष लागू केले, तर गोडीशेवेची गोडी तेथे मार खात असणार आणि तिच्या शेजारची कुरकुरीत शेव-भेळ फायद्यात असणार.

कलावंतांनी या विषयात शास्त्रज्ञांच्या आधी उडी घेतली होती. इटलीच्या फ्यूचरिस्ट चळवळीचा प्रणेता मारिनेत्ती याने १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात एक असा बेत आहे, की जेवणाऱ्याने उजव्या हाताने ऑलिव्ह, बडीशेपेचा कंद आणि कुमक्वाट खावे, डाव्या हाताने सॅंडपेपर, रेशीम आणि मखमल चाचपावी, आणि त्याच वेळी विमानाच्या इंजिनाचा आवाज व बाखचे संगीत ऐकावे. हेस्टन ब्लूमेंथाल यांनी २००७ पासून ‘फॅट डक’ या आपल्या इंग्लंडमधील उपाहारगृहात समुद्री पदार्थांच्या एका थाळीसोबत शंखात ठेवलेल्या आयपॉडमधून लाटांचा आवाज ऐकवला. प्रत्यक्ष बेकिंगशी निगडित असा प्रयोग कॅरोलाइन हॉबकिन्सन यांनी २०१२ मध्ये लंडनच्या ‘हाऊस ऑफ वुल्फ’ येथे केला : कडवट-गोड टॉफीत बुडवलेला छोटा केक आणि सोबत एक दूरध्वनी क्रमांक, एक आकडा दाबला की गोड ध्वनी, दुसरा दाबला की कडू. स्वित्झर्लंडमध्ये बर्गडॉर्फ येथे २०१८-१९ मध्ये पिकत ठेवलेल्या एमेंटाल चीजच्या चाकांना सहा महिने वेगवेगळे संगीत ऐकवले गेले आणि परीक्षकांनी हिप-हॉप ऐकलेल्या चाकाला पसंती दिली. बातमी म्हणून हे छानच. पण प्रत्येक संगीताला एकेकच चाक असताना चाकाचाकांतला नेहमीचा फरक आणि संगीताचा परिणाम वेगळा कसा काढायचा, हा प्रश्न तसाच राहतो.

भारतीय वाचकाला या सर्व चर्चेत रससिद्धान्त आठवणे स्वाभाविक आहे, आणि येथेच सर्वाधिक घाईही होते. भरताच्या नाट्यशास्त्रात, सहाव्या अध्यायात, रसाची कल्पना समजावताना अन्नाचा दृष्टान्त आहे : गूळ, मसाले व वनस्पती यांच्या संयोगाने जसा पेय किंवा व्यंजनाचा एक स्वतंत्र रस बनतो आणि जाणकार तो चाखून तृप्त होतो, तसे विविध भाव व अभिनय यांच्या संयोगाने बनलेले स्थायी भाव सहृदय प्रेक्षक आस्वादतो. त्याच ग्रंथात स्वरांची रसांशी वाटणीही आहे : मध्यम व पंचम हास्य-शृंगाराला, षड्ज व ऋषभ वीर, रौद्र, अद्भुताला, गांधार व निषाद करुणाला, धैवत बीभत्स-भयानकाला. परंतु यावरून करुण रागासोबत कडू केक आणि शृंगारासोबत गोड, अशी समीकरणे मांडणे म्हणजे दृष्टान्ताला सिद्धान्त समजणे होय. भरताचा रस हा मनात होणारा आस्वाद आहे, जिभेवरचा नव्हे. शिवाय त्याचे स्वर ज्या ग्राम-मूर्च्छनांच्या पद्धतीत बसतात ती आजच्या रागपद्धतीहून वेगळी आहे. अवंतिका माथुर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सरोदवरील बारा रागांच्या ध्वनिमुद्रणांवर केलेल्या अभ्यासात शुद्ध स्वरांचे प्राबल्य प्रसन्न भावाशी व कोमल स्वरांचे उदासी-तणावाशी निगडित आढळले, आणि कोमल ऋषभाचे अंतर तणावाचे विशेष सूचक ठरले. राग ते भाव एवढा दुवा त्यातून मिळतो; भाव ते चव हा दुवा रागसंगीताच्या श्रोत्यांवर वेगळा तपासावा लागेल.

मराठी व्यवहारात ध्वनी व अन्न यांचा संबंध नेमका कोठे होता, हे पाहिले तर तो बहुधा ताटापाशी नव्हे, श्रमापाशी सापडतो. जात्यावरची ओवी हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. पहाटे दळताना खुंटा फिरवण्याची गती ओवीची लय ठरवते, आणि ओवी उलट हातांची गती सांभाळते. पण त्यासोबत जात्याचा स्वतःचा आवाजही दळणारीला सतत काही सांगत असतो. घास जास्त पडला की घरघर जड व मंद होते आणि पीठ भरड उतरते. घास संपला की दगडावर दगड कोरडा घासल्याचा कर्कश आवाज येतो. म्हणजे पिठाचा बारीकपणा, ज्यावर पुढे भाकरीचा पोत अवलंबून, तो कानाने राखला जात असे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून १९८० च्या दशकापासून खेड्याखेड्यांत जाऊन या ओव्या जमवल्या, बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील अनेक ध्वनिमुद्रित झाल्या, आणि एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने टप्प्याटप्प्याने लोकांपुढे आणला. ओव्यांच्या अभ्यासकांनी त्यांतील स्त्रीजीवनावर विपुल लिहिले. जात्याच्या आवाजाकडे स्वयंपाकाचे साधन म्हणून पाहण्याचे काम मात्र त्या मानाने मागे पडले आहे. विजेची गिरणी आली तेव्हा ओवीचा प्रसंग गेला, आणि पिठाची जाडी कानाने ठरवण्याचे काम दळणारीकडून गिरणीवाल्याकडे गेले.

भाकरीतही तेच. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसल्यामुळे गरम पाणी घालून मळतात. सुमारे ७० अंश सेल्सिअसला ज्वारीचे पिष्ट फुगून चिकट होऊ लागते, आणि हा चिकटपणाच ग्लुटेनचे काम काही अंशी करतो. काठवटीत किंवा परातीत थापताना उंडा जाड असताना थापेचा आवाज बसका येतो, पातळ होत गेला की चपटा व मोकळा. सरावलेला हात कडा सारख्या झाल्या की नाही हे डोळ्यांइतकेच कानाने जाणतो. पाश्चात्त्य बेकर पावाच्या तळाला बोटाने ठोकून पोकळ आवाज आला की तो भाजला असे मानतो, आणि भट्टीतून काढलेल्या पावाचे कवच थंड होताना जे बारीक तडतडते त्याला पाव गातो असे म्हणतो. ही सर्व एकाच जातीची ज्ञाने आहेत.

गोव्यात आवाज पदार्थाच्या आत नसून त्याच्या पुढे चालतो. पोदेर, म्हणजे पाव भाजणारा व दारोदार विकणारा, पूर्वी घुंगरांसारखी खुळखुळणारी बांबूची काठी आपटत येई. आता सायकलच्या भोंप्याने त्याची जागा घेतली आहे. पोई, उंडे आणि बांगडीच्या आकाराचे कडक कांकण यांची भूक त्या आवाजाने आधी जागी होते. मानसशास्त्र याला अभिसंधान, म्हणजे एका खुणेशी पुढील अनुभव सवयीने बांधला जाणे, असे म्हणते, आणि ध्वनिसंस्काराचे जे प्रयोग आज नवे म्हणून मांडले जातात त्यांच्यापैकी काहींचे बळ याहून वेगळे नसावे.

सगळ्यांत नेमका मराठी नमुना भोंडल्याचा. आश्विनात मुली पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखायची असते. न ओळखू आल्यास डबा हलवून दाखवला जातो, आणि आवाजावरून शेव की लाडू, चिवडा की शंकरपाळी, असा अंदाज बांधला जातो. कित्येक घरांत रोज एकेक खिरापत वाढत जाते. येथे संगीत, अपेक्षा, पदार्थाचा स्वतःचा ध्वनी आणि अखेरीस चव, हे चारही घटक एकाच क्रमात येतात, आणि ओलसर पदार्थ डब्यात वाजत नसल्यामुळे ते न ओळखता येण्याची युक्ती यजमानीण जाणूनबुजून वापरते. अंदाज चुकण्याची मौज ही अपेक्षेच्या परिणामाचीच दुसरी बाजू आहे.

या सर्वांवरून कर्जतसारख्या तालुक्यात प्रयोगशील बेकिंगची दिशा काय असावी, याविषयी काही मत बांधता येते. ज्वारीची बिस्किटे व क्रॅकर ही नवलाई राहिलेली नाहीत. हैदराबादच्या भारतीय श्रीअन्न संशोधन संस्थेने ज्वारीचे अनेक पदार्थ बाजारापर्यंत नेले आहेत, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने हुरड्यासाठी ‘फुले मधुर’सारखे वाण दिले आहे. स्वादाच्या बाजूने स्थानिक सामग्रीही विपुल : कागदी लिंबाची साल, आंबिलीचा आंबूस रस, भाजलेल्या हुरड्याचा गोडसर धुरकट गंध, कारळ्याची किंचित कडवट चव. लिंबाच्या आंबटपणाला उंच स्वर आणि कारळ्याला मंद्र सप्तक जोडणारी धून कोणी रचली, तर उपलब्ध पुराव्यावरून तिचा परिणाम फार तर पाच-दहा टक्क्यांचा येईल, तोही ऐकणाऱ्याच्या संगीतसंस्कारांवर अवलंबून. राशीनच्या देवीपुढे संबळ ऐकत वाढलेल्या कानाला त्या वाद्याच्या दोन तोंडांतील उंच व खालचा नाद पाश्चात्त्य पियानो-ट्रॉम्बोनपेक्षा अधिक अर्थपूर्ण वाटेल, असा तर्क करायला जागा आहे, पण तो तर्कच. उलट क्रॅकरची जाडी, ओलावा आणि भाजणी बदलून त्याच्या तडकण्याचा आवाज उंच करता आला, तर त्याचा परिणाम कोणत्याही हेडफोनशिवाय, प्रत्येक घासाला, प्रत्येक खाणाऱ्याला मिळेल. कर्जतच्या उन्हाळ्यातील कोरडी हवा अशा पदार्थाला अनुकूल आहे आणि आषाढापासूनची दमट हवा प्रतिकूल. म्हणून वेष्टनाच्या खर्चाचा हिशेब धुनीच्या खर्चाआधी करावा लागेल.

संगीताचा प्रयोग करायचाच असेल तर त्याची रचना कशी असावी, हेही आतापर्यंतच्या कामातून स्पष्ट होते. तोच क्रॅकर, एकाच भाजणीतला, निदान तीन परिस्थितींत द्यावा लागेल : शांततेत, ठरवलेल्या धुनीसोबत आणि तितक्याच मोठ्या पण चवीशी न जुळवलेल्या धुनीसोबत, कारण तिसरी परिस्थिती नसेल तर बदल धुनीमुळे आला की केवळ काहीतरी वाजत असल्यामुळे, हे सांगता येत नाही. क्रम प्रत्येक व्यक्तीसाठी बदलावा, खाणाऱ्याला हेतू सांगू नये, आणि धून रचणाऱ्याने चवीचे गुण मांडू नयेत. पाश्चात्त्य अभ्यासांतील बरेच सहभागी विद्यापीठाचे विद्यार्थी होते; येथे वयाची व शिक्षणाची मर्यादा सैल ठेवून भाकरी रोज थापणाऱ्या स्त्रियांना वेगळा गट म्हणून घेतले, तर आवाजावरून पोत ओळखण्याचा सराव स्वादाचा निर्णय कितपत बदलतो, हा प्रश्नही त्याच बैठकीत तपासता येईल. पहिल्या फेरीला हेडफोनचीही गरज नाही. झाकलेले डबे, निरनिराळ्या भाजणीचे क्रॅकर आणि हलवून ऐकण्याची मुभा एवढे पुरते, आणि डब्यातला क्रॅकर किती दिवसांपूर्वीचा आहे हे आवाजावरून किती जणांना बरोबर सांगता येते, ते नोंदवूनच पुढे जाता येईल.